काकडी, चिबूड, शेंदाड: एका वेलवर्गाची ओळख

मराठी आणि हिंदी या दोन शेजारभाषांमध्ये ‘काकडी’ आणि ‘ककड़ी’ हे शब्द एकाच मुळातून आलेले असले, तरी ते नेहमी एकाच फळाला लावले जात नाहीत, आणि हा फरक केवळ उच्चाराचा नसून वनस्पतिशास्त्राचा आहे. उत्तरेत उन्हाळ्यात गाड्यांवर विकली जाणारी लांब, वाकडी, फिकट हिरवी, अंगावर बारीक उभ्या रेघा असलेली ककड़ी ही शास्त्रीय दृष्ट्या खरबुजाची बहीण असते. मराठी माणूस ज्या फळाला काकडी म्हणतो आणि कोशिंबिरीसाठी चोचवतो, त्याला हिंदीत खीरा असे स्वतंत्र नाव आहे. ती ककड़ी महाराष्ट्रातल्या बाजारात आली की तीही ‘काकडी’च होते. कारवारपासून मंगळुरापर्यंतच्या स्वयंपाकघरांत आमटी-सांबारात पडणारे, कोंकणी लोक ज्याला ‘मगें’ म्हणतात ते पिवळे-केशरी पट्ट्यांचे फळ इंग्रजीत आणि मराठीत मंगळुरी काकडी म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात तेही खरबूजच आहे. म्हणजे ताटातल्या एका नावामागे दोन वेगळ्या जाती उभ्या आहेत, आणि त्या ओळखण्यासाठी फळाकडे पाहणे हा सर्वांत सोपा पण सर्वांत फसवा मार्ग आहे.

या दोन जातींची शास्त्रीय नावे कुकुमिस सॅटिव्हस आणि कुकुमिस मेलो अशी आहेत. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे निकटच्या जातींच्या गटाचा असतो आणि दुसरा जातीचा. पहिली जात काकडीची. खीरा, कोकणातले मोठे तवसे, लोणच्यासाठी दक्षिण भारतातून परदेशी जाणारी बोटभर घर्किन ही सारी तिचीच रूपे आहेत. दुसरी जात खरबुजाची, आणि तिचा पसारा थक्क करणारा आहे: गोड वासाचे खरबूज, कोकणातला पिठूळ चिबूड, घाटमाथ्यावरचे वाळूक, शेताच्या बांधावर आपोआप उगवणारे अंड्याएवढे शेंदाड, आंध्रातली दोसकाया आणि उत्तरेतली ती लांब ककड़ी, ही सगळी एकाच जातीत मोडतात. एका बाजूला बोराहून थोडे मोठे आंबट-कडू फळ आणि दुसऱ्या बाजूला हातभर लांब सापासारखे फळ यांच्यात जाणकारालाही नाते दिसू नये, इतकी ही विविधता आहे.

जुन्या भाषेने मात्र हे भेद बऱ्याच नेमकेपणाने टिपले होते. संस्कृतातल्या ‘त्रपुस’ या शब्दातून कोकणातले ‘तवसे’ आले आणि ‘चिर्भट’ या शब्दातून ‘चिबूड’ आला. म्हणजे काकडी आणि फुटणारे खरबूज यांना फार पूर्वीपासून वेगळी नावे होती आणि ती बोलीत आजही वेगळीच राहिली आहेत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या ज्या मंत्राला पुढे महामृत्युंजय हे नाव पडले, त्यात पिकलेले उर्वारुक देठापासून सुटावे तशी मृत्यूपासून सुटका मागितली आहे. हे उर्वारुक नेमके कोणते याबद्दल मते वेगळी असली तरी दाखला वेलीकडे नीट पाहणाऱ्याचा आहे. अनेक खरबुजांत फळ पिकताना देठ आणि फळ यांच्या सांध्यावर पेशींचा एक विलग होणारा थर तयार होतो, सांध्याभोवती बारीक चीर पडते आणि फळ हात लावताच, कधी हात न लावताही, गळून सुटे होते. काकडी अशी सुटत नाही. ती पिवळी-तपकिरी होऊन, सालीला जाळीदार तडे जाऊनही वेलीला धरून राहते. कोकणात अशी पिकलेली तवशी देठाला दोरी बांधून घराच्या आढ्याला टांगून ठेवतात आणि ती पुढे कित्येक आठवडे टिकतात. चिबडाला असे टांगता येत नाही, कारण त्याला देठच उरत नाही.

काकडीवर्गातली एखादी रानवेल समोर आली, तर ती मुळात कुकुमिस वंशातली आहे की नाही हे आधी ठरवावे लागते. भोपळ्याचे कुल, म्हणजे कुकुर्बिटेसी, सुमारे हजार जातींचे आहे आणि त्यातल्या बहुतेक वेली दुरून सारख्याच दिसतात. पहिली खूण ताण्याची, म्हणजे वेल ज्या स्प्रिंगसारख्या तंतूने आधार पकडते त्याची. कलिंगड, भोपळा, दोडका, घोसाळे यांचे ताणे टोकाकडे दोन किंवा अधिक फाट्यांत विभागलेले असतात; काकडी आणि खरबूज यांचा ताणा मात्र एकेरी, फाटा नसलेला असतो. कारल्याचाही ताणा एकेरी असतो, पण कारल्याच्या फुलाच्या देठावर मध्येच एक लहान गोल पान चिकटल्यासारखे दिसते आणि तेवढ्यावरून ते वेगळे काढता येते. कलिंगडाची पाने खोल कापलेली असतात, म्हणून फूल नसतानाही त्याची गफलत होत नाही. शेवटची आणि पक्की खूण नरफुलात असते. फूल उघडून भिंगाखाली धरले की वळणावळणाच्या परागकोशांच्या वर एक लहान, पातळ, बोथट शेंडा आलेला दिसतो. परागकोशांना जोडणाऱ्या पट्टीची ती वाढ असते. परागकोशाच्या पुढे गेलेला हा शेंडा ही कुकुमिस वंशाची जुनी, विश्वासार्ह ओळख आहे आणि कोणत्याही फळाच्या रंगरूपापेक्षा तिच्यावर अधिक भरवसा ठेवता येतो.

वंश ठरला की जातीचा प्रश्न येतो. काकडीचे पान कोनदार असते, पाच टोके स्पष्ट दिसतात आणि हात फिरवल्यास खरखरीत लागते. खरबुजाचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराकडे झुकणारे आणि बहुधा मऊ लवेचे असते. मादीफुलात पाकळ्यांच्या खाली जो फुगीर भाग दिसतो त्याला किंजपुट म्हणतात आणि पुढे त्याचेच फळ होते, म्हणून अगदी कळीच्या अवस्थेतही फळाची ओळख तिथे लिहिलेली असते. काकडीच्या किंजपुटावर लहान लहान फुगवटे असतात आणि प्रत्येक फुगवट्याच्या टोकाला काळा किंवा पांढरा काटा असतो. खरबुजाच्या किंजपुटावर फुगवटे नसतात, नुसती मऊ लव असते आणि फळ वाढत जाते तशी ती झडून जाते. काकडीच्या वेलीवर बहुधा नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी पण एकाच वेलीवर येतात. गोड खरबुजांच्या अनेक वाणांत मात्र नरफुलांबरोबर पुंकेसर आणि किंजपुट दोन्ही असलेली द्विलिंगी फुले येतात. चिबूड आणि ककड़ीसारख्या खरबुजांत ही सवय काकडीसारखीच, वेगळ्या नर-मादी फुलांची असू शकते, म्हणून केवळ या एका खुणेवर निर्णय देणे धोक्याचे आहे. जाणकार अभ्यासक कोणत्याही एका लक्षणावर थांबत नाही. पान, ताणा, किंजपुटाची लव, फळाचा देठ आणि बी या पाचांची साक्ष जुळली की मगच नाव लिहितो.

या वर्गाला शास्त्रीय नावे देण्याचा आरंभ स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1753 मध्ये केला. त्याच्या ‘स्पेसीज प्लांटेरम’ या ग्रंथात कुकुमिस वंशाखाली ज्या जाती आहेत त्यांची यादी आज वाचताना नवल वाटते, कारण तिच्यात काकडी आणि खरबूज यांच्या शेजारी दोडकाही आहे आणि कडू इंद्रावणही आहे. ती दोन्ही पुढे दुसऱ्या वंशांत गेली. दुसरीकडे, सापासारख्या लांब ककड़ीला त्याने खरबुजापासून वेगळी जात मानले आणि सुवासिक पण बेचव अशा एका लहान खरबुजालाही वेगळे नाव दिले. लिनियसला दोष देता येत नाही. त्याच्यापुढे बहुतेक वेळा वाळवलेले नमुने आणि इतरांनी काढलेली चित्रे होती, आणि या वेलींचे खरे नाते वाळवलेल्या कागदावर दिसत नाही.

ते नाते जिवंत वेलींवर शोधण्याचे काम एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या निसर्गइतिहास संग्रहालयाच्या बागेत शार्ल नोदँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने केले, आणि या विषयाच्या इतिहासात त्याच्याइतका मोठा दुसरा कोणी झाला असे म्हणता येत नाही. जगाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले बियाणे त्याने वर्षानुवर्षे शेजारी शेजारी लावले, हजारोंनी वेली वाढवल्या, आणि मग एका फुलाचे पराग दुसऱ्यावर घालून पाहिले. ज्यांना लोक वेगवेगळ्या जाती समजत होते ती सापासारखी, सुवासिक, आंबट, जाळीदार, रानटी अशी सर्व खरबुजे एकमेकांशी सहज संकरित झाली आणि त्या संकरातून निपजलेली वेलही पुन्हा फळली; पण काकडीशी त्यांचा संकर कधी साधला नाही. फळे सारखी दिसतात म्हणून जात एक होत नाही आणि फळे वेगळी दिसतात म्हणून जात वेगळी होत नाही, ही गोष्ट नोदँने 1859 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात पुराव्यासह मांडली, खरबुजाला एकच जात ठरवून तिचे गट पाडले, आणि त्याच्या या निष्कर्षांचा चार्ल्स डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात आवर्जून उपयोग केला. आज खरबुजाचे जे वर्गीकरण वापरले जाते त्याचा सांगाडा नोदँचाच आहे. फ्रान्सच्याच मिशेल पित्रा यांनी अलीकडे केलेल्या मांडणीत हे गट एकोणीसवर गेले आहेत.

काकडी आणि खरबूज यांचा संकर का होत नाही, याचे उत्तर विसाव्या शतकात पेशींच्या आत सापडले. पेशीत आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्यांना गुणसूत्रे म्हणतात. काकडीत त्यांच्या 7 जोड्या असतात, तर खरबुजात 12. बहुतेक कुकुमिस जातींत 12 जोड्याच आहेत, म्हणजे वेगळी पडली ती काकडी. 2009 मध्ये काकडीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले, आणि भाजीपाला पिकांमध्ये असा मान मिळवणारे हे पहिले पीक ठरले. त्या वाचनातून दिसले की काकडीच्या 7 गुणसूत्रांपैकी 5 ही पूर्वजाकडच्या 10 गुणसूत्रांच्या एकमेकांत मिसळण्यातून बनली आहेत. गुणसूत्रांची बेरीज इतकी बदललेली असताना पराग रुजले तरी बी धरत नाही. या भिंतीला एक लहानशी खिडकी आहे. चीनच्या युनान प्रांतात आणि भारताच्या ईशान्य भागात कुकुमिस हिस्ट्रिक्स ही काटेरी फळांची रानवेल मिळते. तिच्यात 12 जोड्या असूनही ती काकडीची सर्वांत जवळची नातेवाईक आहे. चीनचे शास्त्रज्ञ जिन्फेंग चेन यांनी 1990 च्या दशकात काकडी आणि ही वेल यांचा संकर घडवून आणला. पहिल्या पिढीच्या रोपांत 7 आणि 12 मिळून 19 गुणसूत्रे आली आणि ती वांझ निघाली. गुणसूत्रे दुप्पट करून 38 केल्यावर मात्र फळणारी नवी वेल हाती आली. काकडीचा 12 जोड्यांच्या दुसऱ्या जातीशी संकर, ही फार काळ अशक्य वाटलेली गोष्ट, अशा रीतीने रानातल्या एका दुर्लक्षित वेलीमुळे शक्य झाली.

फळावरून नाव ठरवण्याच्या चुकीचा सर्वांत मोठा ऐतिहासिक दाखला रोममधला आहे. सम्राट टायबेरियसच्या पानात रोज ‘कुकुमिस’ असे, ती वर्षभर मिळावी म्हणून माळी तिचे वाफे चाकांवर ठेवून उन्हात फिरवत आणि पारदर्शक दगडी पाट्यांखाली झाकत, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. अनेक पुस्तकांत टायबेरियसची ही आवड काकडीची म्हणून सांगितली जाते. परंतु हॅरी पॅरिस आणि ज्यूल्स जॅनिक या अभ्यासकांनी जुन्या चित्रांची आणि वर्णनांची छाननी करून दाखवले की भूमध्य सागराच्या काठी त्या काळी काकडी पोहोचलेलीच नव्हती. तिथली ‘कुकुमिस’ म्हणजे लांब सापासारखे खरबूज, म्हणजेच उत्तर भारतातली ककड़ी. जुन्या ज्यू धर्मग्रंथांत कोवळ्या फळावरची लव घासून काढण्याचा जो उल्लेख येतो, त्याचाही अर्थ त्यांनी असाच लावला. काकडीला अंगावर काटे असतात, खरबुजाला लव असते. किंजपुटावरची ती एक खूण इतिहासाचा एक मोठा गैरसमज दूर करायला पुरेशी ठरली. काकडी युरोपात गेली ती मध्ययुगात. गंमत अशी की आज जगभर काकडीच्या वंशाला जे लॅटिन नाव आहे, ते मुळात रोमनांनी खरबुजाला दिलेले नाव आहे.

मग या दोन्ही पिकांचे मूळ घर कोणते? कुकुमिस वंशाच्या बहुसंख्य रानटी जाती आफ्रिकेत आहेत आणि त्यांची गुणसूत्रे खरबुजासारखीच 12 जोड्यांची आहेत, म्हणून खरबूज आफ्रिकेचे असे बराच काळ मानले गेले. आफ्रिकेतल्या या नातेवाइकांमध्ये विलक्षण गोष्टी आहेत. तिथल्या एका जातीचे फळ भुईमुगासारखे जमिनीखाली पिकते आणि आर्डवार्क नावाचा प्राणी ते उकरून खातो व त्याच्या विष्ठेतून तिचे बी पसरते. पण खरबूज आफ्रिकेचे हे गणित चुकले होते. जर्मनीच्या सुझान रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे पॅट्रिझिया सेबास्टियन, हान्नो शेफर आणि ऑस्ट्रेलियाचे इयन टेलफर्ड यांनी, आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या रानटी जातींचा डीएनए तपासला आणि 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की काकडी आणि खरबूज दोघांचेही निकटचे रानटी नातेवाईक आफ्रिकेत नाहीत, ते आशियात आणि ऑस्ट्रेलियात आहेत. कुकुमिस पिक्रोकार्पस ही ऑस्ट्रेलियातली कडू फळांची वेल खरबुजाची भावंड ठरली. पुढे 2018 मध्ये आणखी एक भर पडली: विल्यम रॉक्सबर्गने भारतात ओळखलेली आणि नंतर खरबुजातच विरून गेलेली कुकुमिस ट्रायगोनस ही वेल खरबुजापासून वेगळी आणि त्याची अगदी जवळची नातेवाईक असल्याचे डीएनएवरून पुन्हा सिद्ध झाले. त्याच अभ्यासाने हेही दाखवले की माणसाने खरबूज एकदा नव्हे तर निदान दोनदा, आफ्रिकेत आणि आशियात स्वतंत्रपणे, लागवडीखाली आणले. सुदानमध्ये काकडीसारखे कच्चे खाल्ले जाणारे ‘तिबिश’ हे त्या आफ्रिकी शाखेचे फळ होय.

डीएनएच्या या कामाने महाराष्ट्राच्या बांधावरच्या एका क्षुल्लक वेलीलाही तिचे हरवलेले घर परत दिले. कुंपणावर चढणारी, वाटाण्याएवढ्या लाल फळांची चिराटी लिनियसने 1753 मध्ये मद्रासच्या नावावरून कुकुमिस मदेरास्पॅटॅनस म्हणून नोंदवली होती. पुढच्या विद्वानांना एवढ्याशा फळांची वेल काकडीच्या वंशात शोभेना, म्हणून तिला ‘मुकिया’ नावाच्या वेगळ्या वंशात हलवण्यात आले. हे नाव ‘हॉर्टस मलबारिकस’ या सतराव्या शतकातल्या ग्रंथात नोंदवलेल्या तिच्या मल्याळी नावावरून घेतले होते. डीएनएने सांगितले की लिनियस बरोबर होता, आणि 2007 मध्ये चिराटी पुन्हा कुकुमिस झाली. सह्याद्रीतल्या आणखी एका वेलीची कथा अशीच आहे. बियांच्या दोन्ही अंगांना खळगे असतात म्हणून चार्ल्स बॅरन क्लार्कने 1879 मध्ये तिला स्वतंत्र वंश दिला होता आणि त्या वंशात ती एकटीच होती. आज तिचे नाव कुकुमिस रिची आहे. पश्चिम घाटाबाहेर ती सापडत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्या कितीतरी लोकांच्या पायाशी ती असते, पण काकडीची ती नातेवाईक आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

काकडीच्या रानटी रूपाचा शोधही भारतातच लागला. हिमालयाच्या पायथ्याशी अंड्याएवढ्या, गुळगुळीत, अत्यंत कडू फळांची एक वेल मिळते. सहारनपूरच्या बागेचे प्रमुख जॉन फोर्ब्स रॉयल यांनी थॉमस हार्डविक यांच्या सन्मानार्थ तिला कुकुमिस हार्डविकी असे नाव दिले. तिची गुणसूत्रे काकडीसारखी 7 जोड्यांची आहेत आणि काकडीशी तिचा संकर विनासायास होतो, म्हणून आज तिला वेगळी जात न मानता काकडीचाच रानटी प्रकार मानतात. पश्चिम घाटातही ती आढळते. तिचा कडूपणा कुकुर्बिटॅसिन या द्रव्यांमुळे असतो. किडे आणि गुरे यांच्यापासून वेलीचे रक्षण करणे हे त्यांचे काम. लागवडीच्या काकडीत माणसाने ही द्रव्ये निवडीने जवळजवळ घालवली आहेत, तरी ती पुरती गेलेली नाहीत: उन्हाचा किंवा पाण्याचा ताण पडला की काही वेलींची फळे देठाकडून कडू होतात, आणि घराघरांत देठाकडचा तुकडा कापून घासण्याची जी रीत आहे ती कडूपणा देठाशी आणि सालीलगत साचतो या निरीक्षणातूनच आली असावी. जे फळ जिभेला लागताच फार कडू वाटते ते खाऊ नये. मोठ्या प्रमाणात ही द्रव्ये विषारी असतात.

खरबुजाचा रानटी चेहरा पाहायचा तर मराठवाडा आणि विदर्भातल्या कापूस-ज्वारीच्या शेतांत शेंदाड पाहावे. मराठीने त्याला फारसा मान दिलेला नाही. नावापुरत्या, भित्र्या माणसाला ‘शेंदाड शिपाई’ म्हणतात. कच्चे असताना ते कडू असते, पिकल्यावर आंबटगोड होते, त्याच्या चकत्या वाळवून काचऱ्या करतात, आणि राजस्थानात याच वर्गातली काचरी मांस शिजवताना घालतात, कारण तिच्यातले विकर मांसातली प्रथिने तोडून ते मऊ करते. या वेलीचे किंजपुट भिंगाखाली धरले की त्याच्यावरची लव आखूड आणि अंगाला चिकटलेली दिसते, तर गोड खरबुजाच्या किंजपुटावरची लव लांब आणि उभी, कापसासारखी असते. या एवढ्या फरकावर जोसेफ कर्कब्राइड यांनी 1993 च्या आपल्या ग्रंथात खरबुजाच्या जातीचे दोन उपविभाग केले होते. डीएनएच्या पुराव्याशी ही विभागणी नीट जुळत नाही, म्हणून अलीकडचे अभ्यासक ती सोडून देत आहेत. लव खोटी ठरली असा याचा अर्थ नाही. एकाच वेलीची ओळख पटवायला ती आजही उपयोगी आहे. फक्त तिच्यावर वंशावळ उभी करता येत नाही.

या ‘क्षुल्लक’ वेलींचे मोल जगाने एकदा रोखीने मोजले आहे. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात 1920 च्या दशकात खरबुजाच्या शेतांवर भुरी रोगाने, म्हणजे पानांवर पांढरी पूड पसरवणाऱ्या बुरशीने, धाड घातली आणि तिथले एकही वाण टिकेना. तेव्हा भारतातून गेलेल्या खरबुजाच्या बियाण्यात रोगाला तोंड देण्याची ताकद सापडली, आणि तिच्यापासून तयार केलेले ‘पीएमआर 45’ हे वाण 1936 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले. पुढेही खरबूज आणि काकडी या दोन्ही पिकांत रोगप्रतिकारक वाणांसाठी भारतीय बियाणे पुन्हा पुन्हा वापरले गेले. ज्या चिबडाला त्याच्या मुलखात फार तर गूळ आणि नारळाच्या रसाची साथ मिळते, त्याच्याच जातीतल्या वेलींनी दूरच्या देशातली शेती वाचवली, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असायला हवी. त्या वेली टिकवायच्या तर त्या आधी ओळखाव्या लागतात, आणि तणनाशकाने स्वच्छ केलेल्या बांधावर ओळखण्यासारखे काही उरत नाही.

नमुने गोळा करण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. वनस्पतिसंग्रहासाठी वेल वर्तमानपत्रात दाबून वाळवतात, पण काकडीचे रसदार फळ दाबता येत नाही, म्हणून ते बहुधा टाकून दिले जाते; फुले एका दिवसात मिटतात, म्हणून नरफूल असते तर मादीफूल नसते. असा अर्धा नमुना पाहून दिलेले नाव पुढच्या शंभर वर्षांची चूक होऊन बसते. म्हणून फळाच्या आडव्या-उभ्या चकत्या वाळवणे, बी वेगळे ठेवणे, किंजपुटाची लव ताजेपणीच नोंदवणे आणि गावात त्या वेलीला काय म्हणतात ते लिहून घेणे, ही चांगल्या संग्राहकाची लक्षणे आहेत. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था देशभरातून असे बियाणे जमवून थंड कोठारात राखते आणि तिचे एक केंद्र अकोल्यात आहे. त्या कोठारातले बियाणे अधूनमधून पुन्हा पेरून ताजे करावे लागते, आणि तेव्हा खरबुजाचा सैल स्वभाव आड येतो, कारण शेजारच्या वाफ्यातल्या खरबुजाचे पराग मधमाशी बिनदिक्कत घेऊन येते आणि एका पिढीत चिबडाचा चिबूडपणा बिघडतो.

त्यावरचा उपाय अतिशय साधा आणि हातांचा आहे. उद्या उमलणारी मादीकळी तिच्या पिवळ्या टोकावरून आदल्या संध्याकाळी ओळखतात आणि तिच्यावर लहान कागदी पिशवी चढवून ठेवतात. त्याच वाणाची नरकळीही दोऱ्याने बांधतात, म्हणजे ती आपोआप उमलणार नाही. सकाळी दव सुकायच्या आत नरफूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या मागे मुडपायच्या आणि उघडे पडलेले परागकोश मादीफुलाच्या मधल्या हिरवट, तिहेरी गोळ्यावर हलकेच फिरवायचे. पुन्हा पिशवी लावायची आणि देठाला तारखेची चिठ्ठी बांधायची. चारपाच दिवसांत देठ खाली वळला आणि किंजपुट फुगले, तर फळ धरले. महिना-सव्वा महिन्यात चिबडाची साल पातळ होऊन पिवळी पडते, एके सकाळी तिला लांब चीर जाते आणि आतला पांढरा पिठूळ गर बाहेर येतो. तारखेची ती चिठ्ठी तेव्हाही सुटलेल्या देठाला तशीच लटकत असते.